बांधापर्यंतची फेरी: नैराश्यातून सावरताना आणि दुसऱ्याला सावरताना

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या बोलीतल्या येळवशीला, लातूर आणि धाराशिवकडच्या गावांत घरी कोणी थांबत नाही. भज्जीचे पातेले, आंबिलाची घागर आणि बाजरीचे उंडे घेऊन सगळे घर शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा मांडली जाते आणि गावातल्या गल्ल्या दिवेलागणीपर्यंत ओस पडतात. तीन वर्षांपूर्वीच्या येळवशीला माझा धाकटा भाऊ मात्र घोंगडे पांघरून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माय दोनदा हाक मारून आली, त्याच्या लेकीने पाय ओढून पाहिले, तो एवढेच म्हणाला, "मला येऊ वाटंना, तुम्ही जावा." घरात कोणी याला आळस म्हटले, कोणी रुसवा म्हटले. मला तो प्रकार ओळखीचा होता, कारण त्याच्या आठ वर्षे आधी, दुष्काळाच्या दिवसांत, मीही असाच भिंतीकडे तोंड करून कित्येक महिने काढले होते.

मी औसा तालुक्यातला एक शिक्षक आहे, डॉक्टर नाही. आजार स्वतः भोगताना आणि नंतर भावाच्या उशाशी बसून जे शिकलो, आणि डॉक्टरांनी वेळोवेळी जे समजावून सांगितले, ते इथे मांडतो आहे. दोन्ही वेळा मला एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या मदतीने माणूस उभा राहिला ती मदत अगदी लहान होती, ठरलेल्या वेळेला होणारी होती, आणि देणारे कंटाळून जातील इतके महिने चाललेली होती. पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवतीच आहे.

आजार ओळखताना

"मला नैराश्य आले आहे" असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात, "कशातच मन लागंना", "झोप लागंना", "अंगात जीव राहिला नाही", "डोकं जड पडलंय", "छातीत धडधड व्हायलीय". शरीराची तक्रार घेऊन माणूस गावातल्या दवाखान्यात जातो, तिथे अशक्तपणा म्हणून सलाईन लावली जाते, दोन दिवस तरतरी वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. माझ्या भावाचे चार महिने आणि बरेचसे पैसे याच फेऱ्यांत गेले. सलाईन लावणाऱ्यावर माझा राग नाही. पण तपासण्या ठीक असूनही तक्रार हटत नसेल, तर मनाच्या आजाराचा विचार दुसऱ्या सलाईनच्या आधी व्हायला हवा.

दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटणे, किंवा पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातली गोडी जाणे, ही या आजाराची दोन मुख्य लक्षणे आहेत. त्यांच्या जोडीला झोप बिघडते (पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे हे फार नेहमीचे), जेवण जात नाही किंवा काहींचे उलट वाढते, थोड्याशा कामाने थकवा येतो, लक्ष लागत नाही, साधा निर्णय घेता येत नाही, आपण घरावर ओझे आहोत असे वाटते आणि कधी कधी मरणाचे विचार येतात. अशी अवस्था दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली आणि तिने रोजचे काम अडवले, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. पुरुषांमध्ये उदासपणाऐवजी चिडचिड आणि वाढलेली दारू पुढे दिसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनीही बाई रडत असेल, बाळाकडे बघू वाटत नाही म्हणत असेल, तर ते ओल्या बाळंतिणीचे नखरे मानू नयेत. म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा आणि लातूरच्या क्लासला ठेवलेल्या मुलाचे फोन न उचलणे, यांमागेही हाच आजार असू शकतो.

एका गैरसमजाविषयी मला जास्त बोलायचे आहे. "त्याला काय आजार? सोयाबीनला भाव नाही, बँकेची नोटीस आली, म्हणून तो खचलाय," असे म्हणून लोक विषय मिटवतात. कारण खरे असते, यात वाद नाही. पण कारण खरे आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. पाय मोडण्याचे कारण खड्डा असला तरी प्लास्टर पायालाच घालावे लागते, आणि खड्डाही कधीतरी बुजवावाच लागतो. दोन्ही कामे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत. शिवाय कित्येकांना कुठल्याही मोठ्या कारणाशिवाय हा आजार होतो, आणि "तुला काय कमी आहे" या प्रश्नाने तीच माणसे सर्वांत जास्त घायाळ होतात.

मनाला इजा होते ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्यानंतर दगडमातीच्या घरात पाठ टेकायला धजत नसलेली माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत, आणि त्यांना कोणी नाटकी म्हटले नाही. तीच समजूत उदास माणसाच्या वाट्याला यायला हवी. निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते असे आढळले, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचावे

पहिली पायरी फोनची असू शकते. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली, ती चोवीस तास आणि मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही तिथे फोन करून "आता मी काय करू" असे विचारायला हरकत नाही. मी स्वतः तसे विचारले आहे. गावात आशाताई असतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून घरोघरी जाऊन मनाच्या आरोग्याविषयी विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडे आले, त्यामुळे अनेकींना या विषयाची चांगली जाण आहे.

उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची बाह्यरुग्ण सेवा असते. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथेही मनोविकार विभाग आहेत. मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. सौम्य आजारात बोलण्याचे उपचार पुरेसे ठरू शकतात, मध्यम आणि तीव्र आजारात बहुधा औषधाची, किंवा दोन्हींची गरज पडते.

जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: त्रास कधीपासून आहे, झोप किती तास लागते, आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि घराण्यात कोणाला असा त्रास होता का. डॉक्टरांसमोर बसले की हे नेमके आठवत नाही. पाचवी गोष्ट कोणी सांगत नाही, पण ती फार महत्त्वाची आहे. पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ आला होता का, म्हणजे झोपेची गरजच न वाटणे, अखंड बोलणे, मोठमोठे बेत, भरमसाठ खर्च, असे काही दिवस झाले होते का, हे सांगावे. तसे असेल तर आजार दोन्ही टोकांना जाणारा असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो बिघडू शकतो. थायरॉईड, रक्तातले हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर या तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्या तर कराव्यात, कारण यांच्या बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते.

घरातले कोणी देवऋषीकडे न्यायचे म्हणत असेल तर भांडण करून उपयोग होत नाही, हे मी मायच्या बाबतीत शिकलो. दर्शनाला, दर्ग्याला, कीर्तनाला जरूर न्यावे; माणसांत बसणे चांगलेच असते. फक्त तीन अटी आधी ठरवून घ्याव्यात: गोळी बंद करायची नाही, उपाशी ठेवायचे नाही, अंगाला हात लावू द्यायचा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गोळ्यांविषयी

घरातली निम्मी भांडणे गोळ्यांवरून होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

एसिटालोप्राम, सरट्रालीन, फ्लुऑक्सेटीन अशी नावे चिठ्ठीवर दिसतील. या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ. गोची अशी की मळमळ, डोके दुखणे, पोट बिघडणे, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. म्हणजे पहिले पंधरा दिवस माणसाला औषधाचा त्रास दिसतो आणि फायदा दिसत नाही. बहुतेक जण इथेच गोळी सोडतात. मीही पहिल्यांदा नवव्या दिवशी सोडली होती आणि महिनाभराने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती. त्यामुळे भावाच्या वेळी मी डॉक्टरांकडून येतानाच घरातल्या कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल केला आणि त्याला म्हणालो, "या तारखेपर्यंत गोळी लागू पडली का नाही याचा विचार करायचा नाही. त्या दिवशी आपण दोघं मिळून ठरवू." बहुतेकांचे सुरुवातीचे त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतात, ओसरले नाहीत किंवा अंगावर पुरळ, फार तगमग असे काही झाले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे, ते मात्रा किंवा गोळी बदलतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे, कारण त्यांच्यापैकी काहींमध्ये मरणाचे विचार या काळात वाढू शकतात. लैंगिक इच्छा कमी होणे हाही एक परिणाम आहे, आणि लाजेपोटी तो न सांगता गोळीच बंद करणारे पुष्कळ असतात. डॉक्टरांना तो ऐकून नवल वाटत नाही.

"या गोळ्यांची सवय लागते" ही भीती सर्वांना असते. नैराश्याच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणूनच डॉक्टर त्या मोजक्या दिवसांसाठी देतात आणि त्या मनाने वाढवू नयेत. नैराश्याची गोळीही एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विजेच्या झटक्यासारखी झिणझिण असे त्रास होऊ शकतात. ती हळूहळू, डॉक्टर सांगतील तशीच कमी करायची असते. बरे वाटू लागल्यानंतरही पहिल्या आजारात किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, आणि आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर अधिक काळ.

आमच्याकडे गोळी सुटण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. पाकीट संपते, तालुक्याला जायला त्या दिवशी गाडी नसते, पेरणी तोंडावर असते, गावातल्या मेडिकलवर ती गोळी मिळत नाही. यावर उपाय एकच: शेवटचे पाकीट उघडले त्याच दिवशी पुढच्या गोळ्यांची सोय करायची, आणि हे काम रुग्णाचे नसून घरातल्या एका ठरलेल्या माणसाचे असावे. बीड, जालना, परभणीकडची जी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची अडचण याहून मोठी आहे. उचल घेतलेली असते, कोयता निघतो आणि उपचार फडावर पोहोचत नाहीत. निघण्याआधी डॉक्टरांना "आम्ही पाच-सहा महिने बाहेर असू" असे स्पष्ट सांगावे, चिठ्ठीवर गोळीचे मूळ नाव वाचता येईल असे लिहून घ्यावे, तिचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि कारखान्याजवळच्या तालुक्यातले उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे हे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावे. चिठ्ठी आणि गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवाव्यात, पाचटाच्या खोपीत ओल लागते.

आजारी माणसाने दिवस कसा काढावा

उत्साह आला की काम करीन, असे आपण नेहमी म्हणतो. या आजारात क्रम उलटा धरावा लागतो: आधी काम, तेही अगदी लहान, आणि उत्साह मागून, बराच उशिरा. उपचारांतही ही पद्धत वापरतात आणि तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. माझ्या डॉक्टरांनी मला व्यायाम करा असे न सांगता विचारले की घरापासून शेताचा पहिला बांध किती लांब आहे. मी म्हणालो, दहा मिनिटे. ते म्हणाले, "रोज सकाळी सातला त्या बांधाला हात लावून परत या. शेतात काम करू नका, पीक बघू नका. हात लावायचा आणि यायचं." पहिल्या आठवड्यात मी चारच दिवस गेलो. ते त्यांना पुरेसे वाटले. तीन आठवड्यांनी मी बांधावर थोडा बसू लागलो, आणि एके सकाळी तुरीला शेंगा धरल्याचे माझ्या लक्षात आले. तोपर्यंत त्या दिसतच नव्हत्या.

म्हणून दिवसाला दोनच कामे ठरवावीत, एक अंगाचे आणि एक माणसांचे. अंघोळ करून धुतलेला सदरा घालणे हे एक काम आहे. पारावर जाऊन दहा मिनिटे बसणे, काही न बोलता, हे दुसरे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, रात्री झोप लागली असो वा नसो. दुपारी अंथरुणात पडून राहिले की रात्र आणखी लांबते. रात्री जाग आली तर मोबाइल हातात घेऊ नये. जेवण जात नसेल तर पूर्ण ताटाचा आग्रह सोडून वाटीभर ताकातली कण्या, वरणभात असे थोडे थोडे घ्यावे. दारूने त्या संध्याकाळपुरते हलके वाटते, पण ती झोप मोडते, उदासी वाढवते आणि गोळ्यांशी तिचे जमत नाही. सुटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. अचानक बंद करणेही फार पिणाऱ्याला धोक्याचे असते.

आजाराच्या भरात जमीन विकणे, नोकरीचा राजीनामा, सोयरीक मोडणे असे निर्णय घेऊ नयेत. "आज ठरवायचं नाही" हे वाक्य घरात सर्वांना माहीत असू द्यावे. चार चांगल्या दिवसांनंतर एक वाईट दिवस येतो, तो सगळे मुळापासून पुन्हा सुरू झाले असे भासवतो. मी अशा दिवशी फक्त बांध गाठायचो.

घरच्यांनी काय बोलावे, काय करावे

"मन घट्ट कर", "लोकांकडे बघ", "लेकराबाळांचा तरी विचार कर" ही वाक्ये मायेपोटी येतात, हे मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते की आपण मन घट्ट करू शकत नाही, म्हणजे दोष आपलाच आहे. त्याऐवजी जे दिसते ते म्हणावे. "तुला दोन आठवडे झोप नाही, मी बघतोय." "तुला बोलू वाटंना तर बोलू नको, मी ओसरीवर बसलोय." आणि खरोखर बसून राहावे, हातात मोबाइल न घेता. माझ्या आजारपणात आमच्या गल्लीतले एक वयस्क गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, पाऊसपाण्याचे दोन शब्द बोलायचे आणि जायचे. त्यांनी एकदाही "कसा आहेस" असे विचारले नाही. मी त्या वेळेची वाट पाहायचो.

"काही लागलं तर सांग" असेही म्हणू नये. आजारी माणसाला काय लागते ते सुचत नाही आणि मागणे तर त्याहून कठीण असते. काम नेमके सांगावे. "मंगळवारी तुझ्यासोबत दवाखान्यात मी येतो." "बँकेचा कागद माझ्याकडे दे, पीककर्जाच्या नूतनीकरणाचं मी विचारून येतो." कर्जाच्या बाबतीत एवढे केले तरी फार होते, कारण आजारात एक कागद पाहिला की शंभर दिसतात. मात्र त्याच्या हातून सगळीच कामे काढून घेऊ नयेत. आम्ही भावाची सगळी कामे वाटून घेतली तेव्हा तो अधिकच खचला. मग संध्याकाळी बैलांना पाणी दाखवायचे काम त्याच्याकडे परत दिले आणि कधी तो उठला नाही तर न बोलता आम्ही ते केले.

कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे आजारी माणसाने ठरवावे. सोयऱ्यांना, भावकीला, मुलीच्या सासरी परस्पर सांगू नये. लेकरांपासून मात्र लपवू नये, कारण त्यांना कळतेच आणि ती स्वतःला दोष देतात. भावाच्या मुलीला आम्ही म्हणालो, "पप्पांना आजार झालाय, तो बरा होतो, वेळ लागतो, आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही." शेवटचे शब्द ऐकून ती रडली. तोपर्यंत तिला काय वाटत होते, ते तेव्हा आम्हाला समजले.

मरणाचा विषय निघतो तेव्हा

आमच्या बोलीत फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. कोणी "औषध घेतलं" असे म्हणाले की दुसऱ्याच्या काळजात चर्र होते, आणि कोणते औषध हे विचारेपर्यंत श्वास अडकतो. ज्या भागात एकाच शब्दात दोन्ही गोष्टी आहेत, तिथे हा विषय टाळून चालणार नाही.

शंका आली तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जात नाही. उलट कोणीतरी विचारले याने माणूस मोकळा होतो. मी भावाला गोठ्यात, दोघेच असताना विचारले, "जीव द्यावा वाटायलंय का तुला?" तो बराच वेळ दावे उलगडत राहिला आणि म्हणाला, "कधी कधी वाटायलंय." मी रागावलो नाही, शपथ घातली नाही. कधी वाटते, काही ठरवले आहे का, हे विचारले, आणि त्याच दिवशी त्याला सांगूनच पुढच्या गोष्टी केल्या. फवारणीचे सगळे डबे घरातून आणि गोठ्यातून हलवून दुसऱ्या घरी कुलपात ठेवले, तेव्हापासून फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच आणतो. गोळ्यांची पाकिटे त्याच्या बायकोकडे दिली. रात्री त्याच्या खोलीत कोणीतरी झोपू लागले. १४४१६ वर आम्ही दोघे बोललो आणि दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे गेलो. मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळ टिकते. त्या वेळात हाताशी साधन नसणे आणि जवळ माणूस असणे, यांनी जीव वाचतात. बेत ठरलेला असेल तर सकाळपर्यंतही थांबू नये, माणसाला एकटे सोडू नये, सरळ रुग्णालयात न्यावे. काही घेतल्याची शंका आली तर १०८ ला फोन करावा, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये, आणि डबा सोबत न्यावा.

पोलिसांच्या भीतीने लोक रुग्णालयात जायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करायची नसते आणि तिच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही आरोग्य विम्यात जागा देणे याच कायद्याने विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

सर्वांत सावध राहण्याचा काळ घरच्यांना सर्वांत सोपा वाटतो. माणूस उठू-बसू लागतो, जेवू लागतो, आणि घर सुटकेचा श्वास टाकते. पण अंगात बळ आधी येते आणि मनातला अंधार नंतर जातो. या मधल्या आठवड्यांत, तसेच रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, सोबत कमी करू नये.

सोबत करणाऱ्याने स्वतःला सांभाळताना

चौथ्या महिन्यात माझीच झोप उडाली. भावाच्या बायकोचे वजन उतरले होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या: दवाखाना माझ्याकडे, गोळ्या तिच्याकडे, रात्रीची सोबत आलटून पालटून चुलतभावाकडे, आणि दर पंधरा दिवसांनी दोन दिवस ती माहेरी. ती जायला तयार नव्हती. मायने तिची पिशवी भरून दिली. कधी राग येतो, कधी "हे संपणार कधी" असे मनात येते. ते येणे म्हणजे माया आटणे नव्हे, पण ते बोलायला एक माणूस हवा, आणि तो माणूस आजारी माणूस नसावा.

आजार पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून बरा असतानाच भावासोबत बसून आम्ही त्याच्या खुणा एका कागदावर लिहिल्या. पुस्तकातली लक्षणे लिहिली नाहीत, त्याचीच लिहिली: चार दिवस दाढी नाही. पहाटे तीनला जाग. फोन उलटा ठेवणे. बैलांना नावाने हाक मारायची सोडणे. यांतल्या दोन खुणा आठवडाभर दिसल्या तर डॉक्टरांची तारीख लवकर घ्यायची, आणि तेव्हा त्याने "मला काही झालं नाही" म्हटले तरी घ्यायची, असे त्यानेच खाली लिहून सही केली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. गेल्या दोन वर्षांत तो एकदा कामी आला.

त्या आजारपणानंतरच्या येळवशीला तो शेतात आला. कोपीपासून थोडा लांब, बोरीखाली बसला, अर्धा उंडा आणि वाटीभर भज्जी खाल्ली. पाहुणे वाढू लागले तशी त्याने माझ्याकडे पाहिले. घरून निघतानाच ठरले होते की त्याने तसे पाहिले की कोणी काही विचारायचे नाही. मी मोटारसायकल काढली आणि त्याला घरी सोडून परत आलो. माय म्हणाली, "थांबला बरं का, आंबील पिऊन गेला."